डॉक्टर नव्हते, तरी लाखोंचे प्राण वाचवले : वाल्डेमार हाफकिन

बारावीचा आणि पाठोपाठ नीटचा निकाल लागला, की आमच्या वलगावात काही घरांत मिठाई वाटली जाते आणि काही घरांची दारे अर्धी लोटलेली राहतात. आम्ही शिक्षक मंडळी त्या दिवसांत मुद्दाम अर्ध्या लोटलेल्या दारांकडे जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी गेलो होतो. आमच्याच वर्गात शिकलेली पोरगी. अब्बा ऑटो चालवणारे, अम्मी शिलाईकाम करणारी. पोरीला डॉक्टर व्हायचे होते. मार्क थोडे कमी पडले, आणि खासगी कॉलेजची फी ऐकूनच घर गप्प झाले होते. दोन महिने ती घराबाहेर निघाली नव्हती.

आम्ही तिला मेडिकल लॅबोरेटरीचा, म्हणजे डीएमएलटीचा कोर्स सुचवला. घरच्यांचे तोंड जरा उतरलेच. डॉक्टर कुठे आणि रक्त काढणारी कुठे, असे एका नातेवाइकाने तिच्यासमोरच बोलून दाखवले. त्या दिवशी परत येताना आम्हाला एका माणसाची फार आठवण झाली. तो माणूसही डॉक्टर नव्हता, पण अख्खे आयुष्य त्याने प्रयोगशाळेत घालवले. आज मुंबईच्या परळमध्ये त्याच्या नावाची मोठी संस्था उभी आहे. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले असते, माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून आज हाफकिन यांची ही कहाणी.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका साध्या ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते आणि ज्यू लोकांना पदोपदी अडवले जाई. शिक्षणात अडचण, नोकरीत अडचण. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि त्याचा राग ज्यू वस्त्यांवर निघाला. घरेदारे लुटली गेली. वस्तीच्या रक्षणासाठी जी तरुण मंडळी उभी राहिली, त्यांत हाफकिनही होते. त्यात त्यांना मार लागला आणि अटकही झाली.

विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकत होते. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव्ह. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे शोधून काढणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळवणारे ते शास्त्रज्ञ. एका अवघड वेळी शागिर्दाला सोडवायला हे उस्ताद धावून गेले होते. शिक्षण संपल्यावर हाफकिन यांना विद्यापीठात चांगली जागा मिळू शकली असती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला आणि शहरातल्या प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात छोट्या कामावर काही वर्षे काढली. हुशारी होती, तयारी होती, पण दार बंद होते. आपल्यापैकी अनेकांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पॅरिसला लुई पाश्चर यांची नवी संस्था सुरू झाली होती आणि मेचनिकोव्ह तिथे पोचले होते. हाफकिन यांना तिथे शास्त्रज्ञाची जागा काही मिळाली नाही. मिळाली ती ग्रंथालयातल्या सहायकाची. दिवसा पुस्तके लावायची, द्यायची-घ्यायची, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे. त्या टेबलावरच त्यांना आपले खरे काम सापडले.

ते काम होते कॉलऱ्याचे. तेव्हा कॉलरा म्हणजे गावच्या गाव साफ करणारा आजार. सकाळी ठणठणीत असलेला माणूस रात्री कबरीत, अशी गत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ पर्यंत त्याचा जंतू दाखवून दिला होता, पण जंतू दिसला म्हणून आजार थांबत नाही. हाफकिन यांनी हा जंतू गिनीपिगच्या पोटात एकामागून एक वाढवून त्याचा जोर पक्का केला, दुसरीकडे त्याच जंतूचा कमजोर प्रकार तयार केला, आणि या दोघांची मिळून लस बनवली. जनावरांवर ती चालली. माणसावर चालते की नाही, हे कोणीतरी पाहायला हवे होते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, ते बरे झाले. मग तीन मित्र पुढे आले. त्यांनाही काही झाले नाही.

इतके करूनही युरोपात कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्या वेळी पॅरिसला इंग्लंडचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सल्ल्याने हाफकिन यांनी हिंदुस्थानात यायचे ठरवले. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. इथेही वाट सोपी नव्हती. हा माणूस रशियाचा हेर असावा, असा सरकारी मंडळींना संशय. हा डॉक्टरच नाही, मग याचे का ऐकायचे, अशी सरकारी डॉक्टरांची नाराजी. आणि हा गोरा आपल्या अंगात काय टोचतोय, ही लोकांची भीती. एकदा तर वस्तीत त्यांच्यावर दगडही आले.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान या बस्तीत त्यांनी काम केले. चौधरी, घोष, चटर्जी, दत्त हे इथलेच डॉक्टर त्यांच्या सोबत होते. वस्तीतल्या साधारण निम्म्या लोकांनी लस घेतली, निम्म्यांनी नाही. पुढे कॉलरा आला तेव्हा तो लस न घेतलेल्यांतच आला. शेजारच्या घरात मौत आणि आपल्या घरात नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर लोक आपोआप रांगेत येऊ लागले. दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांच्या आसपास लोकांना लस दिली. गावोगाव हिंडताना मलेरियाने गाठले आणि १८९५ मध्ये त्यांना आजारी पडून परत जावे लागले. बरे झाले आणि पुन्हा आले.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडीत किंवा काखेत गाठ, प्रचंड ताप, आणि चार-सहा दिवसांत खेळ खलास. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. १८९७ मध्ये मुंबई बंदरातून हजला जाणाऱ्यांची जहाजेसुद्धा या साथीपायी थांबवली गेली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सरकारचा इलाज म्हणजे सक्ती. घरात घुसायचे, तपासायचे, रोग्याला उचलून न्यायचे, सामान जाळायचे. पुण्यात त्याच संतापातून रँडचा खून झाला. मुंबईत मदनपुऱ्याच्या एका मुस्लिम विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला पथक आले, तेव्हा ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली. घरातल्या बायका-पोरींना परके लोक हात लावणार, हे कोणाला सहन होणार होते?

अशा शहरात ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन पोचले होते. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी केली हे मुलांना नक्की सांगावे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाई-बैलाच्या मांसाचा करत. हाफकिन यांनी विचार केला, की ही लस हिंदूंनाही टोचायची आहे आणि मुसलमानांनाही. गोमांस हिंदूंना चालणार नाही, डुकराचे काही मुसलमानांना चालणार नाही. म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला. त्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. होय, आपल्या स्वयंपाकघरातले तूप. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून वाढतात आणि छताला जाळी लोंबावी तसे धाग्याधाग्यांनी खाली उतरतात. चंबू हलवला, की ते धागे तळाशी बसतात आणि वर नवे तयार होतात. प्लेगचा जंतू ओळखायची ती एक खूणही ठरली. पाच-सहा आठवडे असे पीक घ्यायचे, मग ६५ ते ७० अंश सेल्सियसवर तासभर तापवून जंतू मारायचे. मेलेला जंतू आजार देत नाही, पण शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवते. पुढे खरा जंतू आला तर शरीर आधीच तयार असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस पुन्हा आधी स्वतःलाच घेतली. डोस १० घनसेंटिमीटर, म्हणजे नंतर लोकांना देत त्यापेक्षा बराच मोठा. ताप चढला, टोचले तिथे ठणका लागला, तरी ते काम करतच राहिले. मग कॉलेजातले डॉक्टर आणि इतर लोक पुढे आले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, पण मौत एकाचीही नाही. असा हिशेब नीट वहीत मांडलेला असला, की वाद घालणाऱ्यालाही थांबावे लागते.

लोक मात्र अजून बिचकत होते. इथे आपल्या समाजाचा एक अध्याय येतो, जो फारसा सांगितला जात नाही. खोजा जमातीचे इमाम सर सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, तेव्हा ऐन विशीतले होते. त्यांनी हाफकिन यांचे काम समजून घेतले. नुसता हुकूम काढला नाही, तर लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. इमामांनीच दंड पुढे केल्यावर खोजा जमातीचे हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आगाखान यांनी आपला खुशरू लॉज हा बंगला हाफकिन यांच्या कामासाठी दिला. एका ज्यू शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा एका मुस्लिम इमामाच्या घरात, आणि तिथली लस सगळ्या जातीधर्मांच्या दंडांत. हे आपल्याच मुंबईत घडले आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथून लाखो डोस देशभर आणि परदेशी जाऊ लागले. इंग्लंडच्या राणीकडून किताब मिळाला. एका ग्रंथालय सहायकाने इथपर्यंत मजल मारली होती. पण खरा इम्तिहान पुढेच होता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मलकोवाल हे गाव, जे आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ लोकांना प्लेगची लस दिली गेली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ ही जण मेले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. बाटलीचा क्रमांक होता ५३ एन.

हाहाकार झाला. चौकशी बसली. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत थोडा बदल केला होता. कार्बोलिक ॲसिड घालणे थांबवून ते फक्त उष्णतेवर भर देत होते. त्यावर बोट ठेवले गेले आणि बाटली मुंबईतच दूषित झाली, असा ठपका आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. हा डॉक्टर नाही, परका आहे, ज्यू आहे, हे सगळे जुने हिशेब त्या ठपक्याला येऊन चिकटले. ज्या माणसाने प्रत्येक लस आधी स्वतःच्या अंगात घेतली, त्याला १९ जणांचा मारेकरी ठरवले गेले.

मग खरे काय झाले होते? मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. चिमटा आगीत नीट तापवायला हवा होता. त्याऐवजी तो नुसता औषधी पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. मुंबईतच जंतू शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते बाटलीत वाढून घाण वास सुटला असता. बाटली उघडताना तसा वास कोणालाच आला नव्हता.

हे सगळे कागदावर असूनही हाफकिन यांना चार-पाच वर्षे लढावे लागले. शेवटी मलेरियाचा डासाशी संबंध सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे आले. १९०७ च्या जुलैत त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षी सरकारला हाफकिन यांच्यावरचा ठपका मागे घ्यावा लागला.

ते पुन्हा कलकत्त्याला आले. पण मन मोडायचे ते मोडलेच होते. मुंबईची आपली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. नवी लस माणसांवर वापरून पाहायची परवानगी मिळाली नाही. त्यांनी तक्रारीचे पाढे वाचत बसण्यापेक्षा लेख लिहिले, वाचन केले आणि मुदत भरल्यावर निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केले नाही. शेवटची वर्षे आपला धर्म पाळत शांतपणे काढली आणि आयुष्याची पुंजी आपल्या समाजातल्या मुलांच्या तालमीसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा हयात होते, एवढे तरी समाधान. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले.

आता आमच्या त्या पोरीकडे परत येऊ. तिने डीएमएलटी केले आणि आज ती अमरावतीला एका प्रयोगशाळेत काम करते. रात्रपाळी असते, पगार फार मोठा नाही. ईदला घरी आली की आम्हाला भेटून जाते. मागच्या खेपेला तिने एक प्रसंग सांगितला. रात्री दोन रोग्यांची रक्ताची नळी तिच्या हातात आली. दोघांचे आडनाव एकच. एका नळीवरची चिठ्ठी ओली होऊन पुसट झाली होती. वरिष्ठ म्हणत होते, हीच त्याची असणार, करून टाक. ती मानली नाही. दोघांचेही रक्त पुन्हा घ्यायला लावले. तासभर उशीर झाला, बोलणी खावी लागली. दुसऱ्यांदा तपासले तेव्हा कळले, की नळ्यांची खरोखरच अदलाबदल झाली होती. त्यातल्या एकाला त्या रात्री रक्त चढवायचे होते. चुकीच्या गटाचे रक्त चढले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

तिने हे अगदी साधेपणाने सांगितले. आम्ही मात्र बराच वेळ गप्प होतो. डोळ्यासमोर मलकोवालचा तो जमिनीवर पडलेला चिमटा येत होता. तिथे कोणीतरी एक मिनिट थांबून चिमटा तापवला असता, तर १९ घरांत मातम झाला नसता आणि एका नेक माणसाची उमेदीची वर्षे मातीत गेली नसती. आमची पोरगी त्या रात्री थांबली.

आपल्या गावाजवळ, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. हातात खराटा घेऊन हा माणूस गावेच्या गावे झाडत गेला. त्यांच्या हातातला खराटा आणि प्रयोगशाळेतला तापवलेला चिमटा ही आम्हाला एकाच जातीची कामे वाटतात. केले तर कोणाला दिसत नाही. नाही केले तर माणसे मरतात.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलामुलींचा डॉक्टरकीला नंबर लागला नाही, तर घरात मातम करू नका. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असलेल्या मुलांना डीएमएलटी हा पदविका कोर्स आहे, आणि पुढे पदवीही आहे. प्रवेश घेताना एवढेच पाहा, की तो कोर्स आणि ती संस्था मान्यताप्राप्त आहे. नुसत्या बोर्डावर किंवा एजंटच्या बोलण्यावर पैसे भरू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, मलेरिया आहे, डेंग्यू आहे. डॉक्टर कितीही मोठा असो, प्रयोगशाळेतून आलेला कागद पाहूनच तो औषध लिहितो. तो कागद खरा असणे कोणाच्या तरी हातात असते.

आणि त्या नातेवाइकासारखे बोलणे तर सोडूनच द्या. प्रयोगशाळेत बसणारी आपली मुलगी किंवा मुलगा कोण आहे, असे कोणी विचारले, तर मान वर करून सांगा. हाफकिन यांचेही काम तेच होते.